डिकीतले सासरे

पंप सकाळपासून चालू होता आणि त्याच्या आवाजानं माझं डोकं उठलं होतं. हॉस्पिटलच्या मागच्या लॉनमध्ये खड्डा, खड्ड्यात काँक्रीटची भलीमोठी पेटी, त्या पेटीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माझ्या सासऱ्यांची हिरवी गाडी, आणि त्या गाडीच्या डिकीत माझे सासरे.

यातलं शेवटचं तिथल्या गर्दीत आम्हा तिघांनाच माहीत होतं. सासूबाई, माझा नवरा आणि मी. बाकीचे लोक कॉफीचे कप घेऊन जुनी गाडी बघायला आले होते.

सासरे या हॉस्पिटलात सर्जन होते. ग्लासगोपासून तासाभरावरचं हे लहान गाव, आणि गावातल्या निम्म्या पोटांवर त्यांच्या हातचे टाके. हॉस्पिटलला शंभर वर्षं झाली तेव्हा कमिटीनं टाइम कॅप्सूल पुरायचं ठरवलं. इतर गावं पत्र्याचा डबा पुरतात, यांना अख्खी गाडी पुरायची होती. तिच्यात नर्सची टोपी, स्टेथोस्कोप, शाळेतल्या मुलांची चित्रं ठेवायची आणि पुढच्या पिढीनं ती उघडायची. सासऱ्यांची गाडी तेव्हाच जुनी म्हणून कौतुकाची झाली होती. त्यांनी ती उत्साहानं देऊ केली, आणि कमिटीनं ती न्यायच्या आधीच एका सकाळी ते ड्यूटीवर गेले ते परत आलेच नाहीत. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कोसळले.

ते निघाले तेव्हा सासूबाई आंघोळ करत होत्या. रोज दारातून "येतो गं" म्हणून हाक मारायचे. त्या दिवशी शॉवरच्या आवाजात ती ऐकू आली नाही की त्यांनी मारलीच नाही, हे सासूबाईंना कधीच कळलं नाही. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की सांगताना कुठे थांबणार तेही मला पाठ आहे.

पुढे झालं ते आपल्या रीतीमुळे झालं. अस्थी घरात आणायच्या नाहीत. आपल्याकडे बाहेर झाडाला बांधून ठेवतात. स्कॉटलंडमधल्या जानेवारीत झाडाला काय बांधणार? सकाळी शेजारच्या बागेत सापडायचं. क्रिमेटोरियमनं अस्थी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत दिल्या होत्या. "लोणचं आहे का हे?" म्हणून सासूबाईंनी त्या तांब्याच्या कलशात काढल्या, वर लाल कापड बांधलं आणि गॅरेजमधल्या गाडीच्या डिकीत, स्टेपनी ठेवायच्या खळग्यात, लवंडू नये म्हणून नीट बसवल्या. घराबाहेरही झालं आणि त्यांच्या लाडक्या गाडीतही झालं. मग त्या लंडनजवळच्या इल्फर्डला बहिणीकडे गेल्या. दोघी बहिणी तिथे नाशिकला जायची तयारी करणार होत्या आणि मग येऊन अस्थी नेणार होत्या. निघताना मुलाला म्हणाल्या, "बाबांना गॅरेजमध्ये ठेवलंय." कुठे ठेवलंय ते त्यांनी सांगितलं नाही, यानं विचारलं नाही.

त्याच आठवड्यात कमिटीची माणसं गाडी न्यायला आली. माझा नवरा तेव्हा कॉलेजात होता. त्यानं किल्ली दिली, गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभा राहिला आणि आत जाऊन रडला, असं तो म्हणतो. सासूबाई परत आल्या तेव्हा गाडी पुरून, वर स्लॅब टाकून, पितळी पाटीही बसली होती. पाटीवर सासऱ्यांचं नाव होतं. लोक सासूबाईंना म्हणाले, किती छान स्मारक झालं ना?

त्यांनी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांच्या बायकोनं नवरा डिकीत ठेवला होता, हे गावभर व्हायला नको होतं. नातेवाइकांना सांगितलं, विसर्जन झालं. आणि मायलेक या विषयावर जे मूग गिळून बसले ते बसलेच. मला राग येतो तो याचा. एका टेबलावर जेवणारी दोन माणसं इतकी वर्षं एकमेकांना "चुकलं" म्हणत नाहीत! मला तरी कधी कळलं? लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, दोघांच्या एका भांडणात, सासूबाईंच्या तोंडून निसटलं तेव्हा.

आता हॉस्पिटल बंद झालं, जागा घरं बांधायला गेली, म्हणून गाडी मुदतीआधीच काढायची ठरली. कमिटीतून फोन आला त्या दिवसापासून नवऱ्याची झोप उडाली. सासूबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली आहे. त्यांनी माझ्याकडून नव्या लाल कापडाचा तुकडा मागून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. "एकदा त्यांना नाशिकला पोचवते," म्हणाल्या, "मग मी मोकळी."

आमचा बेत साधा होता. डॉक्टरांचा मुलगा म्हणून डिकी नवऱ्यानं उघडायची, कलश पिशवीत घालायचा आणि कुणी विचारलं तर "फॅमिलीची वस्तू" म्हणायचं. लोकल पेपरचा फोटोग्राफर येणार आहे हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

आणि पाणी. स्लॅब उचलला तेव्हा पेटी काठोकाठ भरलेली होती. आत गाडीचं नुसतं टप दिसत होतं. नवरा माझ्याकडे बघायचं टाळत होता. कमिटीच्या बाई हसून म्हणाल्या की काळजी नको, पंप आणलाय.

पंपाचा पाइप लॉनच्या उताराकडे सोडला होता. सासूबाईंची घडीची खुर्ची नेमकी तिथेच, कारण खड्डा तिथून सरळ दिसत होता. पाइपचा एक जोड गळत होता आणि त्याचं पाणी ओघळून त्यांच्या पायांखालून वाहत होतं. आधी तांबूस येत होतं, मग राखाडी.

"आई, तुमचे बूट भिजले. खुर्ची तिकडे घेऊ या."

"मी इथून हलणार नाही."

"अहो, आजारी पडाल."

"पडेन. तू मध्ये उभी राहू नकोस, मला दिसत नाहीये."

मी पंपवाल्याशी भांडायला गेले. तो म्हणाला, नुसतं जमिनीतलं पाणी आहे, मॅडम, काही होत नाही. मी त्याला विचारलं की तुमच्या आईला असं बसवाल का? तो बिचारा जोडावर फडकं गुंडाळायला लागला. त्यानं गळती थांबली नाही. सासूबाईंचे मोजे घोट्यापर्यंत ओले झाले होते आणि त्यांचं लक्षही नव्हतं. पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून त्या खड्ड्याकडे बघत होत्या.

क्रेननं गाडी उचलली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या सहन होईनात. प्लास्टिक चिंध्या होऊन लोंबत होतं, हिरवा रंग कुठेकुठेच राहिला होता आणि दारांच्या फटींतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. धारा थांबल्यावर गाडी एका प्लॅटफॉर्मवर ठेवली. पुढची दारं उघडली, सीटवरच्या खोक्यांतून चित्रांचा लगदा निघाला. कुणीतरी "ओह नो" म्हणालं. फोटोग्राफर प्रत्येक गोष्टीचा फोटो काढत होता.

डिकी उघडेना. किल्ली कुलपात फिरेना. नवऱ्यानं डिकी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. कमिटीच्या बाई म्हणाल्या, राहू दे, डिकीत आम्ही काहीच ठेवलं नव्हतं.

"देअर इज समथिंग," नवरा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

एका माणसानं पहार आणली. फोटोग्राफर पुढे सरकला, तशी मी त्याच्या आणि डिकीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. त्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं. मी मराठीत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याला अर्थ कळला असावा. पहारीच्या तिसऱ्या की चौथ्या हिसक्याला झाकण कडकड करत वर आलं.

खळग्यात गाळ होता. गाळात कलश आडवा पडलेला, हिरवा पडलेला. नवऱ्यानं तो दोन्ही हातांनी उचलला. त्याच्या तोंडाला एक सुतळीचा तुकडा तेवढा चिकटला होता. कापड नव्हतं. आत बोटभर चिखल, बाकी काही नाही.

माझ्या डोळ्यांसमोर ती प्लास्टिकची बरणी आली. घट्ट झाकणाची. नवऱ्याच्याही आली असणार. पण तो तसं काही बोलला नाही. कलश छातीशी धरून उतारापर्यंत चालत गेला आणि आईच्या पुढ्यात चिखलात गुडघ्यांवर बसला.

"आई, बाबा नाहीये. सगळं पाण्यात गेला. माझ्यामुळे झाला, आय ॲम सो सॉरी. मी त्यांना कारची की द्यायला नको होता."

इतक्या वर्षांनी तो बोलला, आणि बोलला ते असं, त्याच्या इथे वाढलेल्या मोडक्या मराठीत, लहान मुलासारखं. मी सासूबाईंकडे बघत होते. मला वाटलं, आता या कोसळणार.

सासूबाईंनी कलश घेतला. आत पाहिलं, बोट घालून चिखल चाचपला. "मीही कुठे सांगितलं होतं तुला?" त्या म्हणाल्या. मग मान वर करून पंपवाल्याला इंग्रजीत विचारलं, हे पाणी कुठे सोडलंत?

तो गोंधळला. म्हणाला, खाली ओढा आहे, तो नदीला मिळतो, नदी समुद्राला.

"वाहतं पाणी आहे का?"

"येस, मॅडम. ऑल द वे."

सासूबाईंनी मान हलवली. मग त्यांची नजर हळूहळू खाली आली, पाइपच्या गळक्या जोडावर, तिथून आपल्या पायांवर. ओल्या मोज्यांवर राखाडी थर बसला होता. जन्मभर ज्यांना वाकून नमस्कार केला, त्यांच्या अस्थी आपल्या पायांवरून गेल्या, हे या बाईला सहन कसं व्हावं? मी घाईघाईनं पुढे होऊन त्यांच्या बुटांची नाडी सोडायला लागले.

त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज अगदी स्थिर होता.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "येतो म्हणायचं राहिलं होतं त्यांचं. तेवढं सांगून गेले."

परतताना नवरा गाडी चालवत होता आणि मायलेक कधी नव्हे ते बोलत होते, बाबांबद्दल, गाडीबद्दल, इल्फर्डच्या मावशीबद्दल. मी सवयीनं हीटरचा झोत सासूबाईंच्या ओल्या पायांकडे वळवला.

त्यांनी हात पुढे करून तो बंद केला.