टोपलीत ठेवलेली कादंबरी

"थांबून पाहू, भाव अजून उतरते."

नत्थूजी हे वाक्य दिवसातून एकदा तरी बोलत. आर्वीच्या बाजार समितीत त्यांनी तेहेतीस वर्षं कापसाचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारला होता. निवृत्तीनंतर आवाज बसला, सवय तेवढी राहिली. ती आता मोबाइलवर पुस्तकं घेताना कामी येई.

पुस्तकं म्हणजे परदेशी कादंबऱ्यांची मराठी भाषांतरं. प्रकाशकाच्या साइटवर आवडलेलं ई-पुस्तक ते तिथल्या टोपलीत टाकत आणि पैसे न भरता सोडून देत. चारसहा दिवसांनी सवलतीचा निरोप येई, मग घेत. एका दिवसात तेच पान दोनदा उघडायचं नाही, हा त्यांचा नियम होता. गरज दिसली की समोरचा अडून बसतो, असं ते सांगत.

दुपारी ओट्यावर ते मोठ्याने वाचत आणि त्यांच्या पत्नी सुमित्राबाई सुपात तूर निवडत ऐकत. सुमित्राबाईंची शाळा चौथीत सुटली होती. ऐकलेल्या गोष्टीतल्या माणसांबद्दल त्या सोयऱ्याधायऱ्यांबद्दल बोलावं तशा बोलत.

या खेपेच्या कादंबरीत एक विधवा समुद्रातल्या खडकावर दीपगृह सांभाळत होती. तिच्याकडे यायला एक नावाडी वादळात निघाला होता. सुमित्राबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. वर्धा नदीचा पूर पाहिला होता, आणि त्यांना तेवढं पुरे होतं. फुकट वाचायला दिलेली तीन प्रकरणं सोमवारी संपली.

"मंग? आला का तो नाववाला?"

"पुढचं विकत हाय. टोपलीत टाकलं."

"अवो, मी शनिवारी पुलगावले जाऊन राह्यली. आपल्या आकांक्षाचं बाळंतपण हाय. तीन महिने त्या बाईले तशीच दिव्यापाशी बसवून ठेवू काय?"

"थांबून पाहू, भाव अजून उतरते."

"हर्रास बंद झाला जी तुमचा. घरात काऊन पुकारता?"

ते हसले, पण पैसे भरले नाहीत. मंगळवार गेला, बुधवार गेला. सुमित्राबाईंनी लेकीसाठी डिंकाचे लाडू वळले. वळता वळता त्या एकदा म्हणाल्या, "दिव्यात तेल तरी असन का तिच्या?"

शुक्रवारी सकाळी त्यांनी टोपली उघडली. ती रिकामी होती. पुस्तकाच्या पानावर एक ओळ होती: भाषांतराच्या हक्काची मुदत संपल्यामुळे हे ई-पुस्तक आता उपलब्ध नाही.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्याच दिवशी तेच पान पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं. ओळ तीच होती.

सुमित्राबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तोंड पाहूनच ओळखलं.

"गेलं?"

"गेलं."

त्या परातीतले लाडू डब्यात भरू लागल्या. रागावल्या असत्या तर नत्थूजींना बरं वाटलं असतं.

घटकाभराने त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. पलीकडच्या मुलीने सांगितलं की ई-पुस्तक काढून टाकलंय. छापील प्रतीही संपल्या, वर्ध्याच्या एका दुकानात एक पडून आहे. दुकानाचा नंबर दिला. सुमित्राबाई डब्याचं झाकण हातात धरून ऐकत राहिल्या.

"हो, तेच पुस्तक," नत्थूजी दुकानदाराला म्हणत होते. "बाजूले काढून ठेवा. कोणाले देऊ नका, मी आत्ताच निघून राह्यलो."

फोन ठेवला. किंमत विचारली नव्हती. छत्तीस वर्षांच्या संसारात सुमित्राबाईंनी असं पहिल्यांदाच पाहिलं.

"जेवून तरी जा जी."

"बस निघून जाइन."

त्यांनी टोपी घातली, कापडी पिशवी घडी करून खिशात कोंबली आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागले. हर्रासाच्या यार्डात ते कधी घाईने चालले नव्हते. आता धोतराचा सोगा हातात धरून झपझप निघाले होते. सुमित्राबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. पिठाच्या गिरणीपाशी ते वळले आणि दिसेनासे झाले, तरी त्या तिकडेच पाहत होत्या. लाडवांच्या डब्याचं झाकण अजून त्यांच्या हातातच होतं.