एकोणऐंशी

लातूरच्या क्लासमध्ये माझ्या लेकीचं गणित बरोबर यायचं, पण घाईत मनातल्या ‘एकोणऐंशी’तलं ऐंशी धरून ती ७९ ऐवजी ८९ लिहायची. ‘दुकानदाराची पोर, धांदरटच राहणार,’ म्हणत सरांनी तिला सगळ्यांदेखत मागच्या बॅचला टाकलं. माझं डोकंच फिरलं. अहमदपुरात मी शून्यातून कापडाचं दुकान उभं केलं. गिऱ्हाइकानं सांगितलेला भाव परत बोलून घेतल्याशिवाय मी कधी हो म्हटलं नाही. लेकीलाही तेच सांगितलं, ‘आकडा लिहिला की मनात परत वाच.’

पुढच्या चाचणीत पैकीच्या पैकी!

सरांनी मला वर्गात बोलावलं. ‘उद्यापासून पुढच्या बॅचला पाठवा.’

‘पाठवतो की. पण आधी तुमचं ते वाक्य परत बोलून बघा, सर. सगळ्यांदेखत.’

सरांनी पोरांकडं पाहिलं. ‘दुकानदाराची पोर,’ ते म्हणाले, ‘लई हुशार हाय.’