साडूंचा रुमालांचा अभ्यास

आमचे साडू नेमकं काय काम करतात, हे छातीठोकपणे सांगेल असा माणूस नांदेड-लातूर या दोन जिल्ह्यांत तरी अजून जन्माला यायचा आहे. माझी धाकटी मेहुणी त्यांना दिली, तेव्हा 'मुलगा विद्यापीठात मानसशास्त्र शिकवतो' एवढंच सांगण्यात आलं होतं. त्यावरून निम्म्या भावकीनं त्यांना वेड्यांचा डॉक्टर ठरवलं आणि उरलेल्या निम्म्यांनी मनातलं ओळखणारा. माझी बायको सुरुवातीला त्यांच्यापुढे चहा ठेवून मान खाली घालून आत पळायची. विचारलं तर म्हणाली, "अहो, त्यांच्यासमोर उगं काही मनात आलं म्हंजे?" आता काय बोलावं! ज्या गृहस्थाला स्वतःची चप्पल ओळखता येत नाही, प्रत्येक लग्नातून जो डावी एकाची अन् उजवी दुसऱ्याची घालून येतो, तो लोकांची मनं काय ओळखणार?

माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं, वायर दिली, विषय संपला. म्हणून एकदा सरळच विचारलं, "सर, शिकवता ते ठीक, पण अभ्यास कशाचा करून राहिले?" ते एकदम खुलले. "रुमालाचा, दादा!"

मला वाटलं, थट्टा. पण छे! एसटी फलाटाला लागली की लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी टाकून जागा धरतात, आणि आधी आत चढलेला परका माणूस त्या फडक्याचा मान राखून उभा राहतो, याचं त्यांना नवल. "पोलीस न्हाई, पावती न्हाई, तरी माणूस ऐकतो. का ऐकतो?" असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले, जसा काही मीच तो उभा राहिलेला. सुट्टी मिळाली की हे बिलोली, औसा, मिळेल त्या स्टँडवर जाऊन बसतात आणि एकाही गाडीत चढत नाहीत. औशाला एका कंडक्टरनं कीव येऊन यांना हाताला धरून गाडीत बसवलं. भिडस्त स्वभाव! नाही म्हणवेना, म्हणून साहेब थेट सोलापूरला गेले.

मागच्या वर्षी देगलूरला आमच्या सासूबाई, म्हणजे मामी, वारल्या. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामांनी, बोलणंच सोडलं. दोन घास खायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. महिना झाला तरी तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, अंगात काही दुखणं नाही, पण हे असंच चाललं तर कठीण आहे. शेवटी माझ्या बायकोनं साडूंनाच धरलं. "सर, एवढं शिकलात, माझ्या बापाला बोलतं करा."

साडूंचा चेहरा उतरला. "ताई, मी डॉक्टर न्हाई हो. मला त्यातलं काहीच येत न्हाई." खरं सांगतो, मला त्यांचा संतापच आला.

तरी आम्ही सगळे देगलूरला गेलो. साडू दिवसभर मामांजवळ नुसते बसले. ना धीर दिला, ना गोळी सुचवली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "मामा, स्टँडवर येता का? सगळ्या खिडक्या मला एकट्याला दिसंनात." मी कपाळावर हात मारला. ज्याची बायको जाऊन महिना झाला, त्याला हे रुमाल बघायला नेणार! पण मामा उठले, टोपी घातली आणि चालू लागले. मी मागोमाग.

नांदेडची गाडी लागली. आम्ही तिघं मागच्या दारापाशी आत जाऊन उभे राहिलो. बाहेरून कडेवर लेकरू घेतलेल्या एका बाईनं खिडकीतून टॉवेल टाकला. तेवढ्यात कॉलेजातलं एक पोरगं चढलं, टॉवेल बाजूला सारला आणि खुशाल मोबाइल बघत बसलं. साडूंचे डोळे चमकले. रुमालाचा मान न राखणारा सापडला होता! ते त्याला काही विचारणार, तोच मागून आवाज आला, "ऊठ! उठतो का न्हाई? बाईची जागा हाय ती!"

मामा ओरडले होते. पोरगं उठलं, बाई येऊन बसली, आणि मामा दांड्याला धरून उभे राहिले. "हिच्यासाठी लई जागा धरल्या मी," कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "हिला उभ्यानं जाणं सोसत न्हाई." आणि भरल्या गाडीत ते ढसाढसा रडले. माझ्याही डोळ्यांना धार लागली. कंडक्टरनं घंटी मारली नाही.

परतताना साडूंना विचारलं, "हे तुम्ही ठरवून केलं का?" त्यांनी बाहीनं नाक पुसलं. "न्हाई हो दादा. मला खरंच एक माणूस कमी पडत होता." यावर विश्वास ठेवावा की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मामांचा दर रविवारी फोन येतो. मला नाही हं, थोरल्या जावयाला कोण पुसतो! फोन साडूंना. परवा साडूंकडे गेलो तर तेच चाललेलं. तिकडून मामा पार जुन्यापासून सगळं सांगतायत, इकडून हे फक्त "हं मामा, मग?" चहा पार निवून गेला. मी खुणेनं विचारलं, कुठवर आलं? त्यांनी फोनवर हात ठेवला.

"मामी आत्ताच लग्न होऊन घरात आल्यात, दादा. बसा, लई वेळ लागंल," असं हळूच म्हणाले आणि पुन्हा फोन कानाला लावला.