चाप कोणाचा?

मटणाबरोबर वाद फुकट मिळतात, आणि आमच्याकडे ते मटणापेक्षा जास्त साठलेत. भातसानगरला धरणाच्या ऑफिसात आम्ही तिघं: मी, जाधव आणि भोईर. रविवारी शेजारच्या घरांनी मिळून एक बोकड घ्यायचा आणि पळसाच्या पानांवर वाटे घालायचे. प्रत्येक वाट्यात सगळ्यातलं थोडं थोडं. म्हणजे तुकड्यांच्या नावांची गरजच नाही! तरी भांडण नावांवरूनच.

जाधव व्हॉल्व्हवर असतो. एकदा त्यानं विचारलं, "बोकडाच्या नळीवरून नळ आला, का नळावरून नळी?" अर्धा तास वाद चालला. बोकड कापणारा बाळूदादा सुरी घेऊन तसाच उभा. शेवटी तोच वैतागला, "नळ आधी असता तर आमच्या पाड्यात नसता आला?"

माझी बायको मुरबाडची. तिच्या माहेरी फरा म्हणजे पुढचा पाय, आमच्या घरी मागचा. पाहुणे येणार म्हणून मी दुकानातून फरा आणला. पिशवी उघडून ती म्हणाली, "तुमच्याकडं बोकड उलटा चालतो काय?" सासऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "पुढचाच. पण का, ते इचारू नका!" मला अजून खात्री नाही.

भोईरचं प्रकरण मात्र गंभीर. बरगडीच्या तुकड्याला चाप हे नाव त्याच्या आजोबांनी ठेवलं, असा त्याचा दावा. आजोबा तानसा धरणाच्या बंगल्यावर गोऱ्या साहेबासाठी बोकड कापायचे. जाधव एकदा म्हणाला, "अरे, तो साहेबाचाच इंग्रजी शब्द." भोईर लालबुंद! "आमच्या आज्याचा एवढा एकच शब्द हाय रे. तो पण सायबाला देऊ?" त्या दिवशी आम्हाला हसवेना.

शेवटी ठरलं, भोईरच्या वडलांनाच विचारायचं. आबा नव्वदीला टेकलेत. लहानपणी ते आपल्या बापाबरोबर त्या बंगल्यावर जायचे. भोईरनं चाप शिजवून घेतले, आम्ही दोघं साक्षीदार. ताटली त्यानं स्वतः पुढे केली.

"आबा, ह्याला चाप नाव आज्यानंच ठेवलेलं ना?"

आबा सावकाश चघळत राहिले.

"आमी कशाला नाव ठेवू? सायबाचा तुकडा तो. बापाला पोटातली वजडी मिळायची, तीच घरी यायची. हा मी पयल्यांदा खाल्ला तो तुझ्या पयल्या पगारात. तवा तूच बोललास ना, आबा, ह्याला चाप म्हणतात!"