शांता उजेडात बसायची

शांता गेल्याचा निरोप दुकानात आला तेव्हा मी गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होतो. हातातला कापड मोजायचा लोखंडी गज इतक्या जोरात आपटला की कपाटाची काच फुटली... महिना झाला, काच अजून बदललेली नाही.

शांता माझी धाकटी बहीण. तरुणपणीच तिच्या हनुवटीवर राठ केस आले, पाळी महिनोन्‌महिने चुकायची. खांद्यावर गठ्ठे वाहून मी नुकतंच पाटणकर बाजारात कापडाचं दुकान मांडलं होतं. डागाचं कापड आतल्या अंधारात दाखवायची आमची रीत. तिला बघायला माणसं आली तेव्हा मी तेच केलं, खिडकीकडे पाठ करून तिला बसवलं. लग्न जमलं, मी मिशीला पीळ दिला.

राज्यांची पुनर्रचना झाली, सरकारी दफ्तरं भोपाळला हलली. तिचा नवरा कारकून. जाताना तो तिला दाना ओलीतल्या आमच्या घराच्या दारात सोडून म्हणाला, "मूल नाही, वर दाढी! ही बाईच नाही. ठेवा तुमच्याकडे." मी गज घेऊन धावलो आणि भर गल्लीत त्याचं मनगट मोडलं. तसाच घरात आलो, तर शांता माझ्या वस्तऱ्याने हनुवटी खरवडत होती. वस्तऱ्यानेच हे वाढतं, अशी माझी समजूत. मी तिच्या थोबाडीत मारली. वस्तरा गालात घुसला.

रक्त पुसत ती म्हणाली, "दादा, त्याचं मनगट मोडलंस, माझा गाल फाडलास... आणि मला अंधारात कुणी बसवलं?"

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि दारातल्या गादीवर बसली. प्रत्येकीला सांगायची, "ताई, उजेडात बघा, मग घ्या." किती सौदे मोडले तिने! मी ओरडायचो, ती ढिम्म.

पुढे माझ्या नातीला तोच त्रास झाला. शांताही दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरुषी संप्रेरकं प्रत्येक बाईत थोडी असतातच. हिच्या बीजकोशांत ती जास्त तयार होतात, रक्तातलं वाढलेलं इन्शुलिन त्यांना आणखी चिथावतं. काही बायकांत मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीही भर घालतात.

"आणि वस्तरा?" शांताने विचारलं.

"त्याने काही वाढत नाही, आजी."

मी टेबलावर मूठ आपटली, "इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?"

गालावरच्या वणावर बोट ठेवून शांता म्हणाली, "तू विचारलंस कुणाला?"

त्याचा राग अजून आहे. कुणावर, ते विचारू नका.

काल डागाची एक साडी आत उलगडत होतो. हात थांबला... उठलो, दारातल्या तिच्या गादीवर साडी पसरली आणि गिऱ्हाइकाने विचारायच्या आत डागावर स्वतःच बोट ठेवलं.