जहाजावरचा कूलर

धाकट्या भावाने मित्राच्या हॉस्टेलवरून एक झेरॉक्स केलेलं पुस्तक आणलं, तेव्हा आई जाऊन दीड महिना झाला होता. वडील त्याआधीच गेलेले. नागपुरातल्या त्या दोन खोल्यांत आता आम्ही दोघंच उरलो होतो.

पुस्तकात एका खेळाचे नियम होते. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. गोष्ट ताऱ्यांमधली, त्यामुळे आधी जहाज हवं. तेही मनातल्या मनात चालायचं नाही. इंजिनाला इतकी जागा, इंधनाला इतकी, झोपायला इतकी, असं सगळं मोजूनमापून आलेख कागदावर काढायचं. मी सरकारी ऑफिसात ट्रेसर होते. दुसऱ्यांनी आखलेले कालवे दिवसभर गिरवायचे. साहजिकच काम माझ्या गळ्यात पडलं.

“ताई, मले नाही जमून राहिलं वं. तूच काढून दे,” तो म्हणाला. दीड महिन्यात तो माझ्याशी एवढंसुद्धा बोलला नव्हता.

एरवी मी त्याला फटकारलं असतं. इंजिनिअर होणार म्हणे, आणि साधी रेघ ओढता येत नाही. पण मला राग येत नव्हता. मला त्या दिवसांत काहीच येत नव्हतं. भूक नाही, रडू नाही. शेजारच्या काकू तेराव्याला माझ्या तोंडाकडे बघत होत्या, ही रडते कधी म्हणून, आणि मी वांग्याच्या भाजीला मीठ पुरलंय का ते बघत होते.

मी रविवारी कागद पसरला. दोन बिछाने, मागे इंजिन, पोटात इंधनाची टाकी. हात आपोआप चालत होता. तासाभराने भाऊ मागे येऊन उभा राहिला.

“हे काय काढलं?”

मी बघितलं. झोपायच्या खोलीच्या भिंतीला, बाहेरच्या अंगाने, मी कूलर काढला होता. आमच्या खिडकीत होता तस्साच. तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, मध्ये पंखा. नागपूरच्या माणसाने खोली काढली की बाहेर कूलर येणारच.

“अवं, बाहेर हवाच नाही. हा हवा घेईल कुठून?”

मी खोडरबर उचललं. तो म्हणाला, “राहू दे.” आणि पाणी प्यायला आत गेला.

आमचा खरा कूलर तेव्हाही खिडकीतच होता. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापले उतरवून, पोत्यात गुंडाळून ठेवले होते. आमच्याकडे त्याला कोणी हात लावला नव्हता.

त्यात पाणी भरण्यावरून आम्ही लहानपणापासून भांडायचो. पंचवीस बादल्या, त्याही अंगणातल्या टाक्यातून. शेवटी आईने वाटणी करून दिली होती. विषम तारखा माझ्या, सम तारखा त्याच्या. फक्त एक गोम होती. एकतीस तारखेनंतर एक तारीख यायची, म्हणजे लागोपाठ दोन दिवस माझेच. मी दर वर्षी मे संपताना कटकट करायचे. आई म्हणायची, “महिना काय मी बनवला?”

त्या वर्षी आई टायफॉइडमधून नुकतीच उठत होती. एकतीस तारखेला मी पाणी भरलं. एक तारखेला सकाळी वाटलं, काल मीच भरलंय, आज भरेल तो. वाटणी मला चांगली ठाऊक होती. तरी चपला घालून ऑफिसला गेले. तो त्याच्या परीक्षेला गेला.

संध्याकाळी मी परतले तेव्हा ताट्या खडखडीत वाळलेल्या होत्या आणि पंखा आईच्या अंगावर भट्टीसारखी हवा फेकत होता. तिला शुद्ध नव्हती. दुसरी सकाळ तिने पाहिली नाही. त्या दिवशी, माणसं घरात असताना, भावाने कूलरच्या टाकीत वाकून पाहिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग तो माणसांना चहा द्यायला गेला. त्याने काय ताडलं, ते मी त्याला विचारलं नाही. तो माझ्याबरोबर त्याच घरात राहणार की हॉस्टेलवर जाणार, हेही विचारायची माझी छाती नव्हती.

नकाशा झाला. खेळाच्या नियमाप्रमाणे त्याच्या कोपऱ्यात जहाजावरच्या कामांची यादी लागायची. ती भावाने पेन्सिलीने लिहिली आणि शाईने गिरवायला माझ्यासमोर ठेवली. जहाज चालवणं, इंजिन बघणं, औषधपाणी. सगळ्यात खाली लिहिलं होतं: कूलरचं पाणी. विषम तारखा ताई, सम तारखा मी.

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती: या जहाजावर प्रत्येक महिना तीस दिवसांचा.

मी ती ओळ गिरवायला घेतली. ‘तीस’पर्यंत हात नीट चालला. मग कागदावर पाणी पडलं आणि शाई पसरली. भावाने माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि उरलेली ओळ त्याने स्वतःच, वाकडीतिकडी, पूर्ण केली.