माझ्या नावाचा दुसरा

सिंगापुरात, बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेक शाळेसाठी ग्रीक पुराणकथा वाचत होती. ट्रॉयच्या युद्धात म्हणे एकाच नावाचे तीन सैनिक मेले. प्रत्येकाच्या वाट्याला एकच ओळ, तीही कुणी मारलं एवढीच.

"अरे, जगताना काय करायचे ते?" मी वैतागलो.

"नोबडी केअर्स लाह, बाबा," लेक इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली.

आमच्या ऑफिसातही माझ्याच नावा-आडनावाचा एकजण होता. त्याचे मेल हमखास मला यायचे, मी चरफडत त्याला पुढे पाठवायचो. आदल्याच आठवड्यात त्याला नारळ मिळाला होता.

तेवढ्यात फोनवर मेल आला: उद्या सकाळी एचआरला भेटा. सवयीने मी तो त्याला पाठवून दिला. लगेच उत्तर आलं. वर माझंच नाव, आणि खाली: ही व्यक्ती आता इथे काम करत नाही.